उटण्याची पूर्वपीठिका

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा लागला की महाराष्ट्रातील लहानमोठ्या बाजारपेठांत, किराणा मालाच्या दुकानांच्या दर्शनी फळ्यांवर, पिवळसर तपकिरी पुडीची चपटी पाकिटे मांडली जातात, आणि आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहाटे, एरवी ज्यांच्या अंगाला वर्षभर साबणावाचून दुसरे काही लागत नाही, अशी माणसेही तेल चोळून, त्या पुडीत दूध किंवा पाणी कालवून, तिचा लेप अंगाला लावून स्नान करतात. ही पुडी म्हणजे उटणे. वर्षातील एका पहाटेपुरती उरलेली ही चाल एके काळी नित्याच्या आयुष्याचा भाग होती. आणि तिचा इतिहास शोधू लागले असता नवल वाटते ते हे की, हाच एक लेप वैद्याच्या ग्रंथात औषध म्हणून, राजाच्या ग्रंथात उपभोग म्हणून, धर्मशास्त्र्याच्या निबंधात कर्तव्य म्हणून आणि व्यापाऱ्याच्या चोपडीत जिन्नस म्हणून नोंदलेला आढळतो, व ह्या चारही नोंदी आपापल्या जागी तितक्याच खऱ्या आहेत.

ह्या भूमीतील त्याचा एक फार जुना पुरावा एका साध्या घरातला आहे. सातवाहन राजा हाल ह्याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे ज्या प्राकृतातून पुढे मराठी उदयास आली त्या महाराष्ट्रीत, एक तरुणी स्नानाच्या वेळी लावलेली हळद आपल्या जाळीदार कंकणाच्या छिद्रांत अडकून बसली म्हणून ती काडीने उकरून काढीत आहे असे एक चित्र आले आहे. कवीला तिच्या मनाची अवस्था सांगावयाची आहे, हळदीची माहिती द्यावयाची नाही. आणि म्हणूनच हा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो. जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते तिचाच असा जाता जाता उल्लेख होतो.

वैद्यकाच्या ग्रंथांकडे वळले म्हणजे ह्या द्रव्यांना शास्त्राची चौकट मिळालेली दिसते. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे दहा-दहांचे जे गण सांगितले आहेत त्यांत ‘वर्ण्य’ नावाचा एक गण आहे, आणि चंदन, पद्मक, उशीर म्हणजे आपला वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा म्हणजे उपळसरी इत्यादी द्रव्ये त्यात येतात. वाग्भटाने दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग म्हणजे तेल चोळणे, व्यायाम, उद्वर्तन म्हणजे उटणे लावणे आणि स्नान असा क्रम लावून दिला, आणि उद्वर्तनाने कफाचा नाश होतो, मेद विरघळतो, अवयव स्थिर होतात व त्वचा निर्मळ होते, असे त्याचे फळ सांगितले. सुश्रुताने तर अंगाला चूर्ण चोळण्याच्या क्रियेतही भेद केले असून उद्वर्तन, उत्सादन व उद्घर्षण ह्यांचे गुण निरनिराळे वर्णिले आहेत. ह्या क्रमामागे अनुभवाने सिद्ध झालेली एक युक्ती आहे: तेलाने त्वचेवरचा मळ सैल होतो, मसुराचे किंवा चण्याचे पीठ ते तेल मळासकट शोषून घेते, जाडसर दळलेल्या मुळ्यांच्या घर्षणाने मृत त्वचा निघते, आणि थोडा स्निग्धांश मागे राहिल्यामुळे कार्तिकाच्या कोरड्या वाऱ्यात अंग फुटत नाही. तेल आधी आणि पीठ नंतर, हा क्रम उलटला तर सगळे व्यर्थ होते; आज पाकिटावरच्या सूचना न वाचता कोरड्या अंगाला उटणे फासणाऱ्यांना त्याचा गुण येत नाही तो ह्याच कारणाने.

येथे एक गोष्ट सांगून टाकणे अवश्य आहे. ‘वर्ण्य’ द्रव्ये म्हणजे गोरे करणारी द्रव्ये, असा अर्थ अलीकडील जाहिरातींनी लोकांच्या मनात भरविला आहे. वैद्यांचा रोख कांतीवर, त्वचेच्या निरोगी तजेल्यावर होता. तथापि आपल्या पूर्वजांना गौरवर्णाचा मोह नव्हताच असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही; कालिदासाच्या अलकानगरीतील स्त्रिया लोध्राच्या फुलांच्या परागाने मुखाला पांढुरकेपणा आणतात, हे ‘मेघदूत’ वाचणाऱ्यांच्या लक्षात असेल. मोह जुना आहे. त्याला शास्त्राचा शिक्का मारण्याचा उद्योग मात्र नवा आहे.

औषधाची ही विद्या आणि सुगंधाची विद्या ह्या दोन्ही एकमेकींच्या शेजारी वाढल्या. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ रचली तेव्हा ‘गंधयुक्ती’ला त्याने स्वतंत्र अध्याय दिला आणि सोळा द्रव्यांपैकी चार-चार घेऊन, त्यांची प्रमाणे पालटून, किती गंध सिद्ध होतील ह्याचे गणितच मांडले. सोळांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार, आणि प्रत्येक प्रकाराचे प्रमाणभेदाने ९६ पोटप्रकार. मिळून १,७४,७२० गंध. ज्योतिषी मनुष्य सुगंधाच्या प्रांतात शिरला तेव्हाही आकडेमोड त्याला सुटली नाही. परंतु ह्या गणिताचा खरा आशय असा की द्रव्ये मूठभरच असतात, आणि विद्या असते ती त्यांच्या प्रमाणात. उटण्याच्या सगळ्या इतिहासाला हे सूत्र लागू पडते.

दक्षिणेत ह्या विद्येला राजाश्रय मिळाल्याचा ठळक दाखला कल्याणीच्या चालुक्यांचा आहे. तिसरा सोमेश्वर हा स्वतः ग्रंथकार. त्याने शके १०५१ मध्ये, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ रचला, आणि शंभर अध्यायांच्या ह्या प्रचंड ग्रंथात राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून त्याने जेवावे काय येथपर्यंत सर्व काही सांगितले. त्यातील उपभोगांच्या प्रकरणात स्नान आणि विलेपन ह्यांना निरनिराळे अध्याय आहेत. केवडा, पुन्नाग, चाफा अशा फुलांनी वासलेले तेल, ते अंगात जिरविणारे मल्ल, मग तेल काढून टाकण्यासाठी सुगंधी कल्काचे उद्वर्तन, केसांना आवळकाठी, आणि शेवटी ऋतुमानाप्रमाणे निरनिराळे विलेपन, असा तो थाट आहे. फुलाचा वास तेलात आणण्याची कृती पुढे शतकानुशतके चालली: सोललेले तीळ आणि ताजी फुले ह्यांचे थरावर थर द्यावयाचे, कोमेजलेली फुले काढून नवी घालावयाची, तिळांनी गंध पुरेसा प्यायला म्हणजे ते घाण्याला लावावयाचे. ह्याच तेलाला पुढे फुलेल म्हणू लागले.

मराठी माणसाला ह्या विषयात ज्याचा विशेष अभिमान वाटावा असा ग्रंथ मात्र दीर्घकाळ अज्ञातच होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक (क्युरेटर) परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) ह्यांनी हस्तलिखितांच्या राशीतून गंगाधराचा ‘गंधसार’ आणि कोणा अज्ञात ग्रंथकाराचा ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ असलेले हस्तलिखित उजेडात आणले, आणि त्यातील ‘गंधवादा’वर जुन्या मराठीत टीका आहे ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली. गोडे ह्यांनी अत्तर, मेंदी, रिठे, साबण अशा, पंडितांनी तोवर कस्पटासमान लेखलेल्या, विषयांवर आयुष्यभर निबंध लिहिले. राजांच्या वंशावळी लावणारे पुष्कळ होते, पण आपले पूर्वज अंग कशाने धूत होते हे विचारणारा हा एकच तपस्वी निघाला, आणि त्याचे आपल्यावर जे ऋण आहे ते अद्याप पुरते फेडले गेलेले नाही. हे दोन्ही ग्रंथ पुढे बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली प्रसिद्ध केले. ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा संस्कारांची व्याख्या आहे, स्नानाच्या व उद्वर्तनाच्या द्रव्यांचे पाठ आहेत, आणि अखेरीस पाने, फुले, फळे, साली, लाकडे, मुळ्या, डिंक व प्राणिज पदार्थ अशी द्रव्यांची वर्गवारी आहे. ‘गंधवादा’वर मराठीत टीका असावी, ह्याचा अर्थ ही विद्या केवळ संस्कृत जाणणाऱ्या पंडितांच्या कपाटात कोंडलेली नव्हती, कोणी तरी गंधी, कोणी तरी कारखानदार ती मराठीत वाचून द्रव्ये तोलीत होता.

मुसलमानी अमदानीत ह्या विद्येला नवे शब्द आणि नव्या वस्तू मिळाल्या. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही खुशबूखान्याची हकीकत देताना अरगजा, अबीर ह्यांच्याबरोबर उबटनाचाही पाठ नोंदला आहे. उन्हाळ्यात अंग गार राहावे म्हणून लावावयाचा अरगजा, गुलाबपाणी, अत्तर हे सारे दक्खनच्या दरबारांतून मराठ्यांच्या घरी आले आणि इतके रुजले की अत्तर-गुलाब झाल्यावाचून बैठक मोडू नये असा शिरस्ताच पडला. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तेव्हा भोग्य वस्तूंचा एक स्वतंत्र वर्गच त्यांना करावा लागला. गावोगावच्या बाजारांत अत्तार बसत, आणि फुलेल तेले, उदबत्त्या, अबीर, दातांना लावावयाची मिशी असा माल विकीत. इंग्रजी अमदानीत १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद आहे.

राजवाड्यातला उपभोग आणि घरातली चाल ह्यांना जोडणारा दुवा धर्मशास्त्राने घातला. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय, ज्यांना लोक बाबा पाध्ये म्हणून ओळखत, त्यांनी शके १७१२ मध्ये ‘धर्मसिंधु’ पूर्ण केला, आणि आजही महाराष्ट्रातील पंचांगकर्ते व पुरोहित ज्याचा आधार घेतात अशा ह्या निबंधात नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचा काळ, तिथीचे वेध, ते न केल्याचा दोष इत्यादींचा सविस्तर निर्णय दिला आहे. स्नान चालू असताना आघाडा, भोपळ्याचा वेल आणि टाकळा अंगावरून फिरवावा असे शास्त्रवचन आहे. त्यांतला टाकळा गजकर्णासारख्या त्वचारोगावर वैद्य पूर्वापार वापरीत आले, आणि आघाड्यालाही औषधात मोठे स्थान आहे. विधी आधी की औषध आधी, ह्याचा निवाडा करण्याचे प्रयोजन मला वाटत नाही. पावसाळा संपून थंडी सुरू होण्याच्या सांध्यावर, ज्या वेळी कातडीचे विकार बळावतात नेमक्या त्याच वेळी, अख्ख्या समाजाला तेल आणि उटणे लावण्याची आज्ञा करणाऱ्यांना शरीराचे ज्ञान होते एवढे निश्चित. शिवाय शास्त्राने ही आज्ञा सर्वांना केली. सोमेश्वराचे मल्ल ज्याला परवडत नाहीत त्यालाही मूठभर पीठ आणि चमचाभर तेल परवडते.

आता त्या पुडीत काय असते ते पाहू, कारण खरा इतिहास तेथेच साठलेला आहे. मसुराचे पीठ आणि संत्र्याची वाळलेली साल घरची. नागरमोथा म्हणजे शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून शिव्या देत उपटतो त्याच कुळातील सुगंधी कंद. आंबेहळद आणि कचोरा हळदीच्या गोतातले. वाळ्याच्या मुळ्या नदीकाठच्या. परंतु चंदन येई म्हैसूरकडून, जेथे टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाचा वृक्ष सरकारी ठरविला आणि पुढच्या राजवटींनी तोच हक्क चालू ठेवला, कपूरकाचरी येई हिमालयातून, कोष्ठ काश्मिरातून, मुलतानी माती सिंधूपलीकडच्या टेकड्यांतून मुलतानच्या पेठेमार्गे, आणि गव्हला, ज्याचे नाव ‘गव्हला-कचोरा’ असे जोडीनेच आपल्या आज्या घेत, तो येई इराणी आखाताकडून जहाजांत भरून मुंबई बंदरात. विल्यम डायमॉक नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या औषधभांडाराचा मुख्य होता. त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १८९० पासून तीन खंडांत ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यात ह्या द्रव्यांची देशी नावे, त्यांचे उगमस्थान आणि मुंबईच्या बाजारातील चाल ह्यांची नोंद केली. परकीय सत्तेच्या नोकराने हे काम इतक्या आस्थेने करावे आणि आपल्या विद्वानांनी काष्ठौषधीच्या दुकानाची पायरीही चढू नये, ह्याची खंत वाटते. सांगावयाचे ते हे की, कोकणातल्या एखाद्या आडगावी दिवाळीच्या पहाटे पितळी वाटीत जे उटणे कालविले जाई, त्यात इराण, काश्मीर, मुलतान आणि म्हैसूर एकत्र आलेले असत.

ह्या सर्वांत मराठी मुलखाचे स्वतःचे देणे म्हणजे हळद. कृष्णाकाठच्या सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळे होऊन आपली राजधानी केली, आणि पुढे ह्या गावाची पेठ हळदीसाठी देशभर नावाजली. हळद काढली म्हणजे ती काहिलीत शिजवावयाची, उन्हात वाळवावयाची आणि घासून तिला झिलई आणावयाची; गड्डे वेगळे, हळकुंडे वेगळी. पण सांगलीचे खरे वैशिष्ट्य हळदीच्या साठवणुकीत आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात जमिनीखाली वीस-पंचवीस फूट खोल पेवे खणलेली आहेत. तेथील माती अशी चिवट की विटांचे अस्तर न लावताही भिंत ढासळत नाही आणि ओल पाझरत नाही. तळाशी व कडेने पाचट आणि चटया लावून हळद भरली आणि तोंड मातीने लिंपून टाकले, की आतला प्राणवायू संपून कीड जगू शकत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. आधी पेटता कंदील सोडतात, आणि तो विझला नाही तरच हमाल खाली जातो. २००५ च्या महापुराने ह्या पेवांची मोठी नासधूस केली. ती पुष्कळशी भरून निघाली नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात ह्या पेवांचाही लौकिक कारणीभूत झाला असेल असे मानावयास जागा आहे.

उटणे घरी सिद्ध करण्याचे काम स्त्रियांचे होते, आणि वराहमिहिराचे प्रमाणशास्त्र त्यांच्या हाती कागदावाचून चालत आले. तान्ह्या मुलाला डाळीच्या पिठात हळद आणि साय, बाळंतिणीला तेल चोळून शेक आणि ओवा-वावडिंगाची धुरी, उपवर मुलीला मसूर-चंदन, तेलकट कातडीच्या माणसाला मुलतानी माती अधिक, कोरडीला साय अधिक. सुईण आणि घरातली वडीलधारी बाई हा हिशेब नुसत्या हाताने आणि नाकाने करीत. नवरदेवाच्या अंगाची उष्टी हळद नवरीला लावण्याची चालही ह्याच विद्येच्या अंगणातली. पाकिटाने नाहीसे केले ते हे. द्रव्ये आजही मिळतात, निदान त्यांची नावे पाकिटावर छापलेली असतात. पण एकच मिश्रण थोरापोरांना, सुक्या-तेलकट सर्व कातड्यांना, कोकणच्या दमटपणात आणि मराठवाड्याच्या कोरडेपणात सारखेच लावावे, ही कल्पना ‘गंधसारा’च्या कर्त्याला आणि आपल्या पणजीला सारखीच चमत्कारिक वाटली असती. चंदन तर इतके दुर्मिळ झाले आहे की स्वस्त पाकिटातला चंदनाचा वास हा बहुधा कृत्रिम असतो.

साबणाच्या आगमनाची कथा थोडक्यात सांगता येते. १८८८ साली ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या कलकत्ता बंदरात उतरल्या, पहिल्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानाने आपल्याच चंदनाच्या तेलाचा साबण काढला, मुंबईत गोदरेजांनी वनस्पती तेलाचा स्वदेशी साबण बाजारात आणला, आणि पन्नास वर्षांच्या आत उटणे रोजच्या न्हाणीघरातून उठून सणाच्या ताटात जाऊन बसले. साबण सोपा होता, स्वस्त होता, त्याला कालवावे लागत नव्हते. त्याला दोष देण्याचे कारण नाही.

मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन प्रसंग असे घडले की ज्यांमुळे जुन्या नोंदींना अचानक कायदेशीर मोल आले. पहिला हळदीचा. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाबद्दल १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले गेले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुन्या ग्रंथांतील उतारे आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला निबंध पुराव्यादाखल दिला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हळद आजीने लावली एवढे सांगून भागले नाही. लिहिलेला कागद दाखवावा लागला.

दुसरा प्रसंग आपल्याच देशातला, आणि उटण्याच्या इतिहासाशी अधिक निगडित. केशव विष्णु पेंढरकर ह्यांनी १९५२ साली मुंबईत स्थापन केलेल्या विको कंपनीने १९७५ साली हळदीचे मलम बाजारात आणले. ते आयुर्वेदिक औषध समजावे की सौंदर्यप्रसाधन, ह्यावर त्याचे अबकारी शुल्क अवलंबून होते. खात्याचे म्हणणे, हे प्रसाधन. कंपनीचे म्हणणे, हे औषध. चरकाने ज्याला औषधांच्या गणात बसविले, सोमेश्वराने उपभोगात घातले, आणि बाबा पाध्यांच्या निबंधात ज्याचा समावेश धर्मकृत्यात झाला, त्या लेपाच्या वंशजाला आता सरकारी शुल्कपत्रकातील एकच रकाना निवडावयाचा होता. खटला वर्षानुवर्षे चालत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि निर्णय औषधाच्या बाजूने लागला.